सारजाबाईला पटका कुणी बांधला

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. सारजाबाई कुणाला फसवून लढाईवर गेली नाही. पुढं वेल्ह्यापासून कापूरहोळपर्यंत ज्यानं त्यानं तिखटमीठ लावून सांगितलं, की एका धनगराच्या बाईनं केस कापले, पुरुषाचं सोंग घेतलं आणि साऱ्या जगाच्या डोळ्यांत धूळ फेकली. जगाच्या फेकली असेल. तिच्या वस्तीच्या नाही. वस्तीतल्या झाडून साऱ्या माणसांना ठाऊक होतं, कारण सोंग त्यांनीच रचलं होतं, आणि रचताना हसत होते मेले.

वस्ती म्हणजे काय, तर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सपाटीवर कारवीच्या कुडाची चार खोपटं, मध्ये काट्याकुट्याचं एक मोठं वाडगं. रात्री सगळ्यांची शेरडं त्या एका वाडग्यात. डोंगरात बिबट्या, म्हणून राखणीला रोज एका घराचा माणूस. आज ह्या घराची पाळी, उद्या त्या घराची. राखणच काय, देवाची पालखी असो, वाटेवरची दरड उपसायची असो, सगळं घरटी पाळीनं चालायचं. ज्या घरानं पाळी चुकवली त्याची शेरडं वाडग्याबाहेर. वाडग्याबाहेर म्हणजे बिबट्याच्या पोटात, एवढं साधं होतं ते.

सारजाबाईचा नवरा रायबा हिवतापानं गेला. मागं राहिली ती, आठ वर्षांची लेक बया आणि एक चांगला भरलेला कळप. रायबाचा थोरला भाऊ हैबती वस्तीचा कारभारी. मिशीला तूप लावणारा, चारचौघांत घसा खाकरून बोलणारा माणूस. भाऊ गेल्यावर तो रडला, नाही असं नाही. पण रडता रडता त्याची नजर भावाच्या शेळ्यांवर फिरत होती, हे सारजाबाईनं पदराआडून पाहिलं होतं.

लढाईचे दिवस होते. धान्य महाग, रॉकेल मिळेना. अशात कापूरहोळहून एका ठेकेदाराचा मुकादम डोंगर चढून वर आला. मानसिंग त्याचं नाव. पलटणीला मटण लागतं, म्हणाला, आणि आसामच्या डोंगरात मटण जिवंतच चालवत न्यावं लागतं. वस्तीवरचे बोकड मी दर हंगामाला उचलीन, पण कळपाबरोबर प्रत्येक वस्तीनं एक माणूस द्यायचा. लढाई संपेस्तोवर.

बोकड विकायला सगळे तयार, माणूस द्यायला कोणी तयार नाही. मग हिशेब निघाला पाळीचा. पाळी होती हैबतीच्या घराची. पोराटोरांनासुद्धा माहीत होतं. हैबतीनं घसा खाकरला आणि काय बोलला असेल? म्हणाला, गेल्या पावसाळ्यात रायबा तापानं फणफणला होता तेव्हा त्याच्या राखणीच्या पाळ्या मी केल्या. त्या फिटायच्या आहेत. म्हणून आता पाळी रायबाच्या घराची.

ऐका. सख्खा भाऊ मरणाच्या दारात असताना त्याच्या वाटची राखण केली, आणि ती त्याच्या विधवेच्या डोक्यावर चढवली. अशा माणसाला काय म्हणावं ते ज्याचं त्यानं ठरवावं. वस्तीतला एक जण तरी म्हणेल, की अरे हैबती, जरा देवाला भी? छे. प्रत्येकाच्या घरात एक तरुण पोरगा होता आणि प्रत्येकाला तो वाचवायचा होता. सगळे मूग गिळून बसले.

सारजाबाईनं विचारलं, की माझ्या घरात पुरुष कुठं आहे? त्यावर हैबती हसला आणि खोपटाच्या मेढीला अडकवलेला रायबाचा पटका काढून त्यानं तिच्या पुढ्यात टाकला. पुरुष नसेल तर पुरुष हो, म्हणाला. न्हाईतर शेरडं उद्यापासून वाडग्याबाहेर बांध.

आता हे तो चेष्टेनं बोलला की खोचून, कोण जाणे. पण सारजाबाईच्या डोळ्यांसमोर बया होती. शेरडं गेली तर ती आणि बया दुसऱ्याच्या दारात. तिनं पटका उचलला आणि म्हणाली, मी जाते. पण बया आणि कळप माझा आहे तसा मला परत पाहिजे.

आणि मग काय उत्साह आला म्हणता त्या वस्तीला! जणू लग्नघर. ठकुबाई म्हणून म्हातारी होती, तिनं शेरडं भादरायची कातर आणली आणि सारजाबाईचे केस मानेपर्यंत उतरवले. कुणी रायबाची बंडी आणली, कुणी धोतर. छातीला घट्ट पट्टा, वर घोंगडी. कपाळावरचं गोंदण पटक्याखाली जाईल, पण नाकाचं काय? नाकाला नथीचं भोक. तर ठकुबाईच म्हणाली, नथू म्हणा की. आपल्याकडं ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं पुढच्या पोराचं नाक टोचतात, पोरीसारखं वाढवतात, म्हणजे त्याला दृष्ट लागत नाही. अशा पोराला नथूच म्हणतात. झालं, नाकाच्या भोकासकट सारजाबाईचा नथू झाला.

राहिला पटका. बायकांना तो बांधता येईना. सैल व्हायचा नाहीतर एका अंगाला कलायचा. तेव्हा हैबती पुढं आला. थोरला दीर धाकट्या भावजयीच्या सावलीलाही शिवत नाही, अशी आपली रीत. समोर आला तर तिनं पदर ओढून वाट सोडायची. त्या हैबतीनं भरदिवसा, सगळ्या वस्तीसमोर, तिची हनुवटी धरून मान सरळ केली आणि पीळ देऊन देऊन पटका बांधला. त्याचे हात मानेला लागले तेव्हा सारजाबाईच्या अंगावर काटा आला. आठ वर्षांची बया ठकुबाईपाशी उभी राहून बघत होती. हैबती मागं सरून म्हणाला, शोभतोय आमचा नथू. आणि सगळे हसले.

मानसिंग मुकादमानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या काय ध्यानात यायचं राहिलं असेल? पण त्याला प्रत्येक वस्तीमागं एक माणूस दाखवायचा होता. तो गालात हसला आणि तिला चालायला सांगितलं. पुढं पलटणीच्या तळावर शिपायांची कपडे उतरवून तपासणी व्हायची, पण बकऱ्यांमागच्या माणसाला कोण तपासतंय? तपासणी झाली ती बकऱ्यांची. त्यांचे दात पाहिले, खूर पाहिले, शेपट्या वर करून पाहिल्या.

आसामात सारजाबाई कशी राहिली, ते तिनं कधी कुणाला रंगवून सांगितलं नाही. पाऊस, चिखल, जळवा. पलटण पुढं, खेचरं मधी, बकऱ्या शेवटी. रोज पहाटे लांगरी, म्हणजे पलटणीचा आचारी, यायचा आणि बोट करील ते बोकड तिनं आणून द्यायचे. सगळ्यांच्या आधी उठून ती ओढ्यावर जायची. महिन्याचे दिवस आले की घोंगडी अंगाला लपेटून कळपाच्या मधोमध निजायची. बकऱ्यांच्या वासात कुणी जवळ येत नसे. माणसांपेक्षा शेरडांनीच तिची अब्रू जास्त राखली, असं म्हणायला हरकत नाही.

एकदा घाटात विमानं आली. बाकीचे धनगर दरीत पांगले, बकऱ्याही उधळल्या. सारजाबाई खडकाला पाठ लावून उभी राहिली आणि विमानं गेल्यावर तिनं डोंगरातली आपली हाळी दिली. बकऱ्या एकेक करून परत आल्या. खाली झुडपात सारोळ्याकडचा एक पोरगा शिपाई पडला होता, मांडी फुटलेली. करडू उचलतात तसं तिनं त्याला पाठीवर घेतलं. त्यानं तिच्या गळ्याला मिठी घातली आणि तळ येईपर्यंत तो आई आई करत होता. तिनं त्याला ओ दिली नाही, कारण बोलली असती तर आवाज ओळखला गेला असता. आत काय झालं असेल ते आईलाच ठाऊक.

पुढं तिला हिवताप भरला. तोच, रायबाला नेलेला. वरवे बुद्रुकचा गेनू म्हणून खेचरवाला होता. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं, भिजलेली बंडी सोडली आणि त्याला कळायचं ते कळलं. तो उठला, बाहेर जाऊन बसला आणि थोड्या वेळानं कोरडी घोंगडी आत टाकून म्हणाला, अक्का, तुमी पांघरून घ्या, म्या हितं दारात हाय. त्या दिवसापासून चारचौघांत नथूदा आणि एकट्यात अक्का. बाकी एक अवाक्षर नाही. परका माणूस होता तो. रक्ताचं नातं नव्हतं की वस्तीचं.

लढाई संपली. गेनू आणि ती कापूरहोळला एकदमच उतरले. ती तशीच पुढं डोंगराकडं निघाली, आणि गेनू चहाच्या हॉटेलात बसला. तिथं ओळखीची माणसं भेटली आणि त्याचा ऊर भरून आला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं त्यानं अभिमानानं सांगून टाकलं, की अरे, आमच्यात वेल्ह्यावरल्या वस्तीची एक बाई होती, आणि आमच्या दहांना भारी होती. बिचाऱ्याला वाटलं, ऐकणारे हात जोडतील. ऐकणारे पोट धरून हसले.

सारजाबाई वस्तीवर पोचली तेव्हा तिच्या डोक्याला पटका होता आणि खांद्याला पलटणीची कांबळ. वाटेत तिनं एकच गोष्ट मनाशी घोळवली होती, बया आता केवढी झाली असेल. बया खोपटापुढं करडं चारत होती. हिनं हाक मारली. पोरीनं वर पाहिलं आणि ओरडत आत पळाली. जाऊन फुलाबाईच्या, म्हणजे हैबतीच्या बायकोच्या, पदराआड लपली. आणि तिला ‘आये’ म्हणाली.

हैबती गोडीनं बोलला. पोरगी बिचकली आहे, चार दिवस राहू दे, तू विसावा घे. दोन दिवसांनी हैबती वेल्ह्याच्या बाजाराला उतरला, तेव्हा सारजाबाई वाडग्याकडं गेली. आपल्याकडं प्रत्येक घराच्या शेरडांच्या कानाला वेगळी खूण असते. रायबाची खूण एक खाच. तिच्या म्हाताऱ्या शेळ्यांच्या कानात त्या खाचेशेजारी दुसरी नवी खाच पाडली होती. हैबतीच्या घराची खूण दोन खाचा. जनावराचे कान दुसऱ्यांदा कापताना ह्या माणसाला भाऊ आठवला नसेल? तिनं ठकुबाईला गाठून विचारलं तेव्हा म्हातारीनं खाली मान घालून सांगितलं, की तू गेलीस त्या पावसाळ्यापासून हैबतीनं पोरीला सांगितलंय, तुझी आई शिपायांमागं पळून गेली. पटका बांधून गेली ते तुला स्वप्न पडलं होतं म्हणाला. आणि पोरीनं विचारलं तेव्हा आम्ही गप्प राहिलो.

तीन वर्षं! आठ वर्षांच्या पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं पाडलं, आणि सगळी वस्ती त्याला सामील. सारजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठून सरळ हैबतीच्या दारात गेली आणि लेक मागितली. तोवर गेनूची कापूरहोळची गोष्ट वेल्ह्याच्या बाजारात पोचली होती. बाजारात हैबतीला लोकांनी विचारलं होतं, की काय कारभारी, तुमच्या वस्तीत मिशा बायकांना असतात का? एवढी नामुष्की त्याच्या जन्मात झाली नव्हती. तो लालबुंद होऊन आला होता. त्यानं दार अडवलं आणि म्हणाला, तुझा निकाल आता जात करील.

जात बसली बिरोबाच्या उंबराखाली, उन्हं चांगली वर आल्यावर. शेजारच्या वस्त्यांचे जाणते आले होते, मधोमध रखमाजी. वयानं आणि मानानं सगळ्यांत थोर. फुलाबाईनं बयाला हाताशी धरून बसवलं होतं. हैबतीनं घसा खाकरला. म्हणाला, ही बाई आपल्या मर्जीनं गेली, आम्हाला न सांगता गेली. तीन वर्षं परक्या पुरुषांत राहिली. अशा बाईच्या हाती माझ्या भावाची लेक मी कशी देऊ? तिनं देवाचा भंडारा उचलून सांगावं, की नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुठल्या पुरुषाचा हात तिच्या अंगाला लागला नाही. सांगितलं तर लेक तिची, शेरडं तिची. नाही तर तिनं हा डोंगर उतरावा.

न सांगता गेली म्हणे! ज्यांनी तिची कातरलेली वेणी उचलून उकिरड्यावर टाकली, ती माणसं तिथं मांडी घालून बसली होती आणि माना डोलवत होती.

हैबतीचा डाव धूर्त होता. बिरोबाचा भंडारा म्हणजे पिवळीधमक हळद, पण ती तळहातावर घेऊन धनगर खोटं बोलत नाही. बोलला तर त्याच्या लेकराबाळांवर येतं. पलटणीच्या मागं तीन वर्षं काढलेल्या बाईला कुणाचा हात लागलाच नाही, असं होतं का कधी? गेनूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सारोळ्याच्या पोरानं गळ्याला मिठी घातली होती. नाही म्हणावं तर बयावर देवाचा कोप. भंडारा न उचलावा तर बया कायमची गेली. सारजाबाईनं लेकीकडं पाहिलं. लेक जमिनीकडं बघत होती.

थाळी पुढं आली. सारजाबाई उठली, परत नेसलेल्या लुगड्याचा पदर तिनं खोचला आणि मूठभर भंडारा तळहातावर घेतला. ज्याच्या हातात भंडारा आहे त्याला मध्ये तोडायचं नाही, तो देवाशी बोलत असतो, ही आपली रीत.

“लागला,” सारजाबाई म्हणाली. “परक्या पुरुषाचा हात माज्या अंगाला लागला. देवा, तुज्याम्होरं एकेक सांगते.”

हैबतीच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते त्याला लपवतासुद्धा आलं नाही.

तिनं शेवटापासून सुरुवात केली. तापात पाणी पाजणाऱ्या गेनूचा हात सांगितला, त्याचं गाव सांगितलं, तो दारात कसा बसून राहिला ते सांगितलं. मग पाठीवरच्या पोराचे हात सांगितले आणि तो कुणाला हाका मारत होता तेही. रखमाजीनं डोळे पुसले. मग ती थांबली आणि तिनं भंडाऱ्याची मूठ हैबतीच्या दिशेनं वळवली. मध्ये तोडायचं नाही ही रीत हैबतीला त्या घडीला आठवली असेल, पण आता उशीर झाला होता.

“आन ह्या समद्यांच्या आदी येक हात लागला. आसामात न्हाई, हितं. ह्या भावजींनी माजी हनुवटी धरली, मान धरली, आन मला माज्या मालकाचा पटका बांधला. ठकुबाईनं क्यास कापलं. तुमी समदी बगत हुता, हसत हुता. पाळी भावजींच्या घराची हुती, ती म्या केली. माजी लेक हितंच हुबी हुती. हात लागल्याचा गुन्हा असंल तर पयल्या हातापासून धरा.”

रखमाजीनं थाळी हैबतीपुढं सरकवली आणि म्हणाला, की हे खोटं असेल तर उचल आणि तसं सांग. हैबतीनं थाळीकडं पाहिलं. हात मांडीवरून उचलला आणि परत मांडीवर ठेवला. मग ठकुबाई म्हातारी उठली. तिनं चिमूट उचलली आणि एवढंच म्हणाली, “क्यास म्याच कापलं. यानंच पटका बांधला.”

जाणत्यांनी आपसात कुजबूज केली आणि निकाल दिला. लेक आईची, शेरडं आईची. झालं तेवढं पुरे, आता सगळ्यांनी गुण्यागोविंदानं राहावं. बस, एवढंच. ज्या गुन्ह्यासाठी बाईला डोंगर उतरवायला निघाले होते, तो पुरुषाच्या माथी निघाल्यावर गुन्हाच राहिला नाही. हैबतीला कुणी एक शब्द विचारला नाही. कारभारीपणसुद्धा त्याच्याचकडं राहिलं. माणसं धोतर झटकून उठायला लागली, कुणी तंबाखूची चंची काढली.

तेवढ्यात बयानं फुलाबाईचा हात सोडला आणि ती उभी राहिली. अकरा वर्षांची पोर, आजवर काकापुढं मान वर करून बोललेली नव्हती. सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं,

“काका, मंग मला सपान पडलं हुतं का न्हाई?”

उठलेली माणसं होती तिथंच थांबली. हैबतीनं घसा खाकरला आणि तो चंचीवाल्याकडं तंबाखू मागायला वळला. मग बया चालत आईपाशी आली आणि तिच्या भंडारा लागलेल्या हाताला तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.